लाल पट्टीची गिटार

सरांनी माझा डावा हात मनगटाशी धरला आणि वर्गाला दाखवला. बोटांची टोकं काळी पडली होती.

"पाहिलंत? मिठागरवाल्यांचा घाम. तारा खातो."

सगळे हसले. सभ्यपणे हसले. ते जास्त वाईट.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा. न्हावा शेवाला कंटेनर यार्डात क्लार्क. गिटार शिकायची इच्छा कॉलेजपासूनची. किनाऱ्यावरच्या एका बंगल्यात रविवारचा क्लास निघाला, तेव्हा फी भरून गेलो. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या. मी म्हणालो, वडील मिठागरात होते. सरांनी भिंतीवरच्या सात गिटारी सोडून कोपऱ्यातली आठवी मला दिली. मानेला लाल चिकटपट्टी, तारा गंजलेल्या.

"तू हीच वापरत जा. पर्सनली घेऊ नकोस हं."

बाकीच्यांना अहो-जाहो होतं.

गंजलेल्या तारा दाबल्या की बोटं काळी होणारच. गंज तारांचा, पुरावा म्हणून वर गेला माझा हात. संगीतात जातपात नसते, यावर सर दर रविवारी पाच मिनिटं बोलायचे.

आणि मी काय केलं? लिंबाने हात धुऊन जाऊ लागलो. बोटांना पावडर लावू लागलो. ई मायनर म्हणजे दोन बोटांची कॉर्ड, पोरं पहिल्या दिवशी वाजवतात. मला महिना लागला. लक्ष कॉर्डमध्ये नव्हतंच, तळहाताला घाम फुटतोय का यात होतं.

मग स्वतःची गिटार घेतली. घरी खोकं उघडलं. वडील जवळ आले. जन्मभर मीठ ओढलेले, भेगाळलेले हात. त्यांनी एक बोट तारेकडे नेलं.

"बाबा, हात नका लावू. तारा गंजतील."

हे मी बोललो. सरांच्याच आवाजात.

वडिलांनी बोट मागे घेतलं, लुंगीला पुसलं. "न्हाय रं. नुसता बघत व्हतो."

मला स्वतःची किळस आली. अजून येते.

पुढच्या रविवारी तारा बदलायच्या होत्या. जुन्या तारा काढायचं काम नेहमी माझ्याकडे. काढायला माझे हात चालत, नव्या चढवायला नाही. भिंतीवरच्या, मी कधीच न वाजवलेल्या सातही गिटारींच्या तारा गंजलेल्या होत्या. दर खेपेला असायच्या. बंगल्याच्या ओटीवरून समुद्र दिसतो, वारा खारा. हे कळायला मिठागरवाल्याच्या पोराला इतके रविवार लागले.

तारांचं भेंडोळं मी सरांपुढे टाकलं. "सर, ह्या कुणाच्या घामाने गंजल्या?"

"अरे, समुद्राची हवा आहे ना इथे," ते म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मी हात न धुता त्यांची स्वतःची गिटार स्टँडवरून उचलली. नव्या कोऱ्या तारा. ई मायनर वाजवली. सहाही तारा स्वच्छ बोलल्या. सर उठून उभे राहिले, तारा पुसायला खिशातला रुमाल काढून. मी गिटार जागेवर ठेवली आणि निघालो. रुमाल त्यांच्या हातातच होता.

माझी गिटार आता घरात खुंटीला उघडी असते. वडिलांनी तिला आजवर हात लावलेला नाही. मी हात लावा म्हटलं की म्हणतात, "ऱ्हाऊ दे." हे सरांनी केलेलं नाही, मी केलंय.

माझे हात तपासणाऱ्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. आणि कुणाला बोट मागे घ्यायला लावणारं वाक्य पुन्हा माझ्या जिभेवर आलं, तर जीभ दाताखाली धरीन. रक्त आलं तरी.