नागूबाई सात वेळा पास झाल्या

भूम आणि परंड्याच्या मधल्या एका सरकारी दवाखान्यात नागूबाई मावशी म्हणून काम करतात. गावाचं नाव सांगत नाही, तिथं पुन्हा जायचंय. नवजात बाळांच्या खोलीतली फरशी पुसणं, दुपट्यांच्या घड्या घालणं आणि दारात जमलेल्या नातेवाइकांना हाकलणं ही त्यांची कामं. तिसरं काम त्या आवडीनं करतात.

गेल्या वर्षी वरून फर्मान आलं. बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी मोबाइलवर आठ व्हिडिओ बघायचे, प्रत्येकाखालचे प्रश्न सोडवायचे आणि प्रमाणपत्र मिळवायचं. यादीत सहा सिस्टर आणि डॉक्टर गौरीशंकर. मावशीलाही काही शिकवावं, हे वर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सिस्टरांना मरायला वेळ नव्हता. शिवप्रिया सिस्टरांनी आपला मोबाइल नागूबाईंपुढं ठेवला. "मावशी, चालू ऱ्हाऊ द्या तेवढं. प्रश्न आला की दाबा कायतरी." त्यांचं बघून बाकीच्यांनी ठेवले, शेवटी डॉक्टरांनीही. चौथी शिकलेल्या नागूबाई घड्या घालत तेच आठ व्हिडिओ सात वेळा बघत बसल्या. उत्तर चुकलं की व्हिडिओ पहिल्यापासून. पहिल्या मोबाइलला चार दिवस लागले, सातव्याला एक दुपार.

व्हिडिओतल्या बाईवर त्यांचा आधी विश्वास नव्हता. तिच्या नळाला कायम पाणी, कपड्यांना इस्त्री, आणि दारातून एक नातेवाईक डोकावत नाही. पण ती बाई परत परत सांगत होती, की आपल्या हातांवरून जंतू बाळाकडं जातात आणि कित्येक बाळं त्यानंच दगावतात. नागूबाईंनी अठरा वर्षांत कितीतरी बाळं दुपट्यात गुंडाळून बापाच्या हातात दिली होती, आणि नशीब म्हणून गप्प बसल्या होत्या. तिसऱ्या मोबाइलला त्यांना रडू आलं. चौथ्याला संताप आला.

मग खोलीत कुणाची धडगत राहिली नाही. शिवप्रिया सिस्टरांच्या बांगड्या दारातच उतरू लागल्या. नळाचा भरवसा नाही म्हणून नागूबाई तोटीचं पिंप रोज भरून ठेवू लागल्या. डॉक्टरांचं सोनेरी घड्याळ मात्र हलेना. ते सासऱ्यांनी दिलेलं होतं.

"सायेब, घड्याळ काढून हात धुवा," नागूबाई एकदा बोलल्याच.

"मावशी, तुमचं काम फरशीचं. सोमवारची तपासणी झाली की तुम्ही धुलाईघरात जा."

त्या दिवशी नागूबाईंना भाकरी गोड लागली नाही. धुलाईघरात काम कमी, हे त्यांना ठाऊक होतं. पण इथं काचेच्या पेटीत मोनिका नावाच्या बाळंतिणीची सव्वा किलोची पोरगी होती. मोनिकाचा नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. त्या पोरीला लागणारे हात धुतलेत की नाही, हे नागूबाई गेल्यावर कोण बघणार होतं?

सोमवारी जिल्ह्याच्या मॅडम आल्या. प्रमाणपत्रं बघून खूश झाल्या, सातही जणांना पैकीच्या पैकी. "डॉक्टर, जरा हात धुऊन दाखवा."

डॉक्टरांनी घड्याळासकट तळवे चोळले आणि पाण्याखाली धरले. दहा सेकंदांत कार्यक्रम आटोपला.

"आणि अंगठे?" मॅडमनी विचारलं. डॉक्टर सिस्टरांकडं बघू लागले, सिस्टर भिंतीकडं.

नागूबाईंनी पोछा खाली ठेवला आणि पिंपापाशी गेल्या. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं, सगळं सावकाश चोळून धुतलं आणि स्वच्छ फडक्याला हात कोरडे केले.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

खरं सांगितलं असतं तर सातही प्रमाणपत्रं तिथंच रद्दीत गेली असती. शिवप्रिया सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. नागूबाईंनी डॉक्टरांकडं निवांत बघितलं.

"सायबांनीच की. रोज घड्याळ काढून दावत्यात. आज तुमाला बघून गडबडले."

मॅडमनी डॉक्टरांचं कौतुक केलं आणि शेरेवहीत लिहिलं, की या मावशींना याच खोलीत ठेवावं आणि नव्या लोकांना यांनीच शिकवावं. खाली डॉक्टरांची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दारातच घड्याळ काढलं आणि मुकाट्यानं नागूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी तोटी सोडली. डॉक्टर हात चोळू लागले.

"झालं का, मावशी?"

नागूबाईंनी सासऱ्यांच्या घड्याळात बघितलं.

"आजून ईस सेकंद हायती, सायेब. अंगठा ऱ्हायलाय."