उठलेली पंगत

कुमुदिनी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा पद्माकर एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तिचे वडीलही सरकारी नोकरीतच होते, त्यामुळे जन्म, शाळा, बी.कॉम., लग्न सगळं दिल्लीच्या चार बसथांब्यांमध्ये झालेलं. मराठी तिला आईकडून मिळाली ती स्वयंपाकघरापुरती. त्यापलीकडचे शब्द तिला सापडायचे नाहीत. ‘उंबरा’ आठवेना की ती सरळ ‘चौखट’ लिहून मोकळी व्हायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

मला वाटायचं. मी पुण्याची, एम.ए. मराठी, कॉलेजात पहिली. विश्वासच्या कंपनीने आम्हाला गुडगावला आणलं आणि नवव्या मजल्यावर ठेवलं. नवरा विश्वास ऑफिसला, मुलगी कृतिका शाळेत, आणि दिवसभरात माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे इंटरकॉमवरचा गार्ड. गणेशोत्सवात कुमुदिनीची ओळख झाली तेव्हा मीच तिला ‘पाटपाणी’बद्दल सांगितलं. हे मी नेहमी आधी सांगते, कारण नंतर ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

‘पाटपाणी’ ही मराठीतून लिहिण्याबोलण्याची वेबसाइट होती. आपलं लेखन टाकायचं, इतरांनी वाचायचं, खाली गप्पा मारायच्या. नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतची माणसं यायची, निम्म्याहून अधिक बायका. कंपनीचं ऑफिस गुडगावातच, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर.

कुमुदिनीने पहिला लेख लिहिला तो पहाटे पावणेपाचला येणाऱ्या नळाच्या पाण्यावर. शेजारची तमिळ मामी, समोरची बंगाली बौदी, खालची हरियाणवी ताई, सगळ्यांच्या बादल्या आणि सगळ्यांची अर्धवट झोपेतली हिंदी. एकशे बारा जणांनी ‘आवडलं’चं बटन दाबलं. त्याच आठवड्यात मी ‘जात्यावरच्या ओव्यांतील निसर्ग’ टाकला होता. नऊ जणांना आवडला. त्यातला एक विश्वास, आणि त्यालाही मी जेवायला वाढण्याआधी दाबायला लावलं होतं.

पुढची तीन वर्षं हेच. ती दर गुरुवारी मला मेलवर लेख पाठवायची. “लतिका, जरा बघून दे गं. तुझ्या नजरेतून गेला की मला टेन्शन नाही.” मी ऱ्हस्व-दीर्घ नीट करायची, वाक्यं सरळ करायची, आणि मग तो माझ्या हातून गेलेला लेख दोनशेच्या घरात पोचलेला बघायची. खोटं कशाला सांगू, एकदोनदा मी काही चुका बघूनही तशाच सोडल्या. लोकांनी खाली लिहिलं, “किती सहज लिहिता हो तुम्ही.”

माझ्या वाट्याला एक गोष्ट होती. ‘पाटपाणी’वर नियम असा होता की नवा लेख कुणाचाही असो, तो पूर्ण एक दिवस पहिल्या पानावर सगळ्यांत वर राहायचा. मग खाली सरकायचा. पण तो एक दिवस तुमचा. वर्षातले असे दहाबारा दिवस मला मिळायचे. त्या दिवशी मी पोळ्या लवकर उरकायची आणि चहाचा कप घेऊन कंप्युटरसमोर बसायची. आपलं नाव वर बघायला.

२००९च्या फेब्रुवारीत कंपनीने तो नियम काढला. नवे गुंतवणूकदार आले होते म्हणे. आता पहिल्या पानावर फक्त तेच लेख, ज्यांना सर्वाधिक लोकांनी ‘आवडलं’ म्हटलंय. नवं लेखन आत कुठेतरी, तीन ठिकाणी टिचकी मारल्यावर सापडेल असं. सूचनेखाली एका रात्रीत तीनशे प्रतिक्रिया जमल्या. कुणी तरी ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द वापरला, म्हणजे एकाच पंगतीत काहींना तूप आणि काहींना नुसता भात, आणि मग तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला.

सकाळीच कुमुदिनीचा फोन. “वाचलंस? हे काय यार, ही काय पद्धत झाली?”

“तुझं तर बरंच झालं की,” मी म्हटलं. “तू आता कायमची वर.”

“माझं राहू दे गं. कुसुमावतीकाकूंचं काय? चार लोक वाचतात त्यांचं. त्या चार लोकांना तरी कसं कळणार की काकूंनी काही लिहिलंय?”

कुसुमावतीकाकू करोल बागेत राहायच्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. वहीत कविता लिहायच्या आणि सून टाइप करून द्यायची. कुमुदिनीला त्या आठवल्या. मी तिच्याशी फोनवर बोलत होते, पण मी तिला आठवले नाही.

मग तिने जे केलं ते पंचायत समितीच्या पुढाऱ्यालाही जमलं नसतं. घरातली कामं सांभाळून दीडशे बायका-पुरुषांना मेल पाठवले, आणि ठरवलं की आठ दिवस कुणी लिहायचं नाही, प्रतिक्रिया द्यायची नाही, ‘आवडलं’ दाबायचं नाही. वाचायला हरकत नाही. “पंगतीत असं वाढायला लागले की शहाण्याने हात धुवून उठावं,” असं तिने पत्रात लिहिलं. पत्र माझ्याकडे तपासायला आलं. वाक्य चांगलं होतं. मी ते तसंच ठेवलं आणि खाली चौथी सही केली.

आणि ज्या नियमामुळे तिचा फायदा होता, तो मोडायला ती निघाली होती, आणि त्याच्यामुळे माझं जे नुकसान होतं, ते भरून द्यायलाही तीच. लोक लिहीत होते, “कुमुदिनीताई, तुमच्यासारखं मन हवं.” हेव्याला सुद्धा काही जागा लागते. इतकं चांगलं वागून तिने तीही ठेवली नाही.

बहिष्कार सुरू झाला. एक दिवस, दोन दिवस, पान जिथल्या तिथे. कुणीच काही दाबत नव्हतं, म्हणून काहीच हलत नव्हतं. आणि सगळ्यांत वर कुणाचा लेख थिजून राहिला होता? कुमुदिनीचा. कूलरच्या जाळीतल्या वाळ्याबद्दलचा. मी तपासून दिलेला. सकाळी उघडावं तर तो, दुपारी उघडावं तर तो. पंगत उठली तरी मधोमध तिचंच पान मांडलेलं.

माझ्याकडे जानेवारीपासून एक लेख पडून होता. आमच्या बाल्कनीखाली मोहरीचं शेत होतं. आम्ही आलो तेव्हा पार रस्त्यापर्यंत पिवळं दिसायचं. मग एका कोपऱ्यात पत्रे लागले, मग क्रेन आली, आणि यंदा दोन टॉवरच्या मध्ये चादरीएवढा तुकडा उरला होता. त्यात कुठला संदर्भ नव्हता, तळटीप नव्हती. लिहिताना मला पहिल्यांदाच वाटलं होतं की हे बरं झालंय.

चौथ्या दिवशी दुपारी अडीच वाजता मी तो टाकला. स्वतःच्या नावाने.

कंपनीच्या माणसांना तेवढंच हवं होतं. तासाभरात त्यांनी ‘आजचं पान’ अशी चौकट केली आणि लेख सगळ्यांच्या वर, कुमुदिनीच्याही वर, ठेवला. किती जणांनी वाचला याचा आकडा खाली यायचा. संध्याकाळपर्यंत सातशे. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड हजार. लिहायचं नाही असं ठरवलेली सगळी माणसं वाचत होती, आणि वाचून गप्प बसत होती. दीड हजार माणसं घरात येऊन जावीत आणि कुणी पाणीसुद्धा मागू नये, तसं.

कुमुदिनीचा फोन आलाच. “अगं लतिका, तुझा लेख चुकून गेला का? कृतिकाने काही दाबलं?”

तिने दार उघडूनच दिलं होतं. मी आत शिरले. “हो गं. चुकून गेला.”

“मला वाटलंच. सगळ्यांचे मेल येतायत, मी सांगितलं, लतिकाला कंप्युटरचं तितकं जमत नाही. चलो, काढून टाक ना मग.”

“काढता येत नाहीये.”

“अच्छा,” ती म्हणाली. “बरं, सोमवारी ऑफिसात जायचंच आहे, तिथेच सांगू.”

सोमवारी कंपनीने भेटीला वेळ दिली होती. कुमुदिनी करोल बागेतून काकूंना घेऊन येणार, मी गाडीने धौला कुआँपर्यंत त्यांना आणायला जाणार, हे आधीच ठरलेलं. दिल्लीचा रिक्षावाला हरियाणाची हद्द म्हटली की नाही म्हणतो. कुमुदिनी पुढे बसली, काकू मागे. रस्ताभर काकू गुडगावच्या काचेच्या इमारती बघत होत्या. “या पुसतं कोण गं?” त्यांनी विचारलं. कुमुदिनी हसली. मी आरशात बघत गाडी चालवली.

ऑफिसात अंशुमन नावाचा मुलगा भेटला. तिशीचा, मुंबईचा, नम्र. पाणी आलं, कॉफी आली. कुमुदिनीने पत्र समोर ठेवलं. तिचं बोलणं साधं होतं: नव्या माणसाला एक दिवस द्या, मग पुढे काय हवं ते करा. एकशे शेहेचाळीस जणांनी सात दिवस एक अक्षर लिहिलेलं नाही.

“मॅडम, रिस्पेक्ट आहे,” अंशुमन म्हणाला, “पण सगळ्यांनी कुठे बंद केलंय? देखिए.” त्याने लॅपटॉप फिरवला. माझं मोहरीचं शेत. तीन हजार वीस. “लतिका मॅडमनी लिहिलं ना. लोक वाचतायत. कंटेंट चांगला असेल तर तो वर येतोच, हेच आम्ही सांगतोय.”

“ते चुकून गेलंय,” कुमुदिनी म्हणाली. “त्यांना काढता येत नव्हतं.”

“काढता येत नाही?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं. “मॅडम, लेखाच्या खालीच बटन आहे. एक क्लिक.”

कुमुदिनीने माझ्याकडे बघितलं नाही. ती लॅपटॉपकडेच बघत राहिली. ती पुन्हा काही तरी म्हणेल, माझ्यासाठी अजून एखादं दार उघडेल, याची मी वाट बघितली. या वेळी तिने ते उघडलं नाही.

“चुकून नाही गेला,” मी म्हटलं. “मी टाकला. मुद्दाम.”

काकूंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

“तीन वर्षांत माझं नाव वर यायचं ते फक्त त्या एका दिवसापुरतं,” मी अंशुमनला म्हटलं, कारण त्याच्याकडे बघणं सोपं होतं. “तो तुम्ही काढून घेतलात. मग सगळे उठून गेले, जागा रिकामी दिसली, म्हणून मी बसले. लेख चांगला आहे म्हणून वर आलेला नाही. दुसरा लेखच नव्हता.”

“चांगला आहे गं तो,” काकू मध्येच म्हणाल्या. “सुनेने वाचून दाखवला. पण बाळा,” त्या अंशुमनकडे वळल्या, “घरात नवी सून आली की पहिला घास तिला देतात. ती छान जेवते म्हणून नव्हे. नवी आहे म्हणून. आणि मी तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवी आहे. मला कितीशी भूक लागणार?”

अंशुमन हसला, वर बोलून बघतो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्यांनी नव्या लेखाला बारा तास दिले. दिवसाचा अर्धा दिवस झाला, पण झाला.

परत निघताना कुमुदिनी मागे काकूंशेजारी बसली. माझ्याकडे जेवण ठरलेलं होतं, ते आता कुणी विचारेना. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, “धौला कुआँला सोडू?”

“का? जेवायला नाही घालणार?” कुमुदिनी म्हणाली. “सकाळपासून काकूंनी फक्त बिस्किट खाल्लंय.”

घरी आल्यावर मी वाढलं. काकूंनी दोनदा आमटी घेतली आणि हात धुवून कृतिकाच्या पलंगावर आडव्या झाल्या. कुमुदिनी ओट्याशी उभी राहून ताटं विसळायला लागली. मी म्हटलं, राहू दे. तिने ऐकलं नाही.

“मला विचारलं असतंस,” ती नळाखाली हात धरून म्हणाली, “तर मी म्हटलं असतं, टाक.”

हे मला सहन होईना. “तू म्हटलं असतंस, म्हणूनच नाही विचारलं.”

ती बराच वेळ तेच ताट विसळत राहिली. मग नळ बंद केला. “नसतं म्हटलं,” ती म्हणाली. “आता म्हणतेय, पण नसतं म्हटलं. तुला एक सांगू? चुकून गेला नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यात एक चूक नव्हती. घाईत गेलेला लेख इतका साफ नसतो.”

“मग सगळ्यांना चुकून गेला असं का सांगितलंस?”

“काय सांगायला हवं होतं? की लतिकाने मला मागे टाकलं?” तिने पदराला हात पुसले. “रोज उठल्या उठल्या तो आकडा बघायचे मी. चहाच्या आधी. पद्माकर म्हणाले, तू कशाला बघतेस, तुझा बहिष्कार आहे ना. माझ्या पाण्याच्या लेखाला दोन हजारसुद्धा नाहीत, लतिका. तीन वर्षांत नाहीत. आणि ते शेत माझं नाही, मला लिहिता येणार नाही तसं. मला तर त्यातले चार शब्द पण माहीत नव्हते. कुणाला विचारू? तुलाच विचारते ना मी नेहमी.”

मला इतकं बरं वाटलं, की ते तोंडावर दिसू नये म्हणून मी फ्रिज उघडला आणि दह्याचं भांडं आत ठेवलं.

“कोणते चार?” मी विचारलं.

“ते नंतर. आधी तो काढ. उद्या आठ दिवस पुरे होतायत, काकूंना तरी तोंड दाखवता आलं पाहिजे मला.”

आम्ही आतल्या खोलीत गेलो. मी कंप्युटर सुरू केला. पान उघडायला वेळ लागत होता. कुमुदिनी माझ्या खांद्यामागे उभी होती. आकडा आला: तीन हजार चारशे अकरा. आम्ही दोघींनी तो वाचला. लेखाच्या खाली बटन होतंच. मी माउस धरून बसले. काढायचाच होता, त्याबद्दल वाद नव्हता. फक्त बोट खाली जाईना.

“मी दाबू?” कुमुदिनीने विचारलं.

मी बाजूला सरकले. ती वाकली, आणि तिने जितक्या चटकन ते बटन दाबलं, तितक्या चटकन तिला मी आजवर काहीच करताना पाहिलेलं नाही.