सुलू आणि डॅशबोर्डची फळी

आमची सुलू आज सकाळी गेली. आणि जायच्या आधी नर्सला विचारून गेली, "सिस्टर, ह्या मशीनच्या आत काय असतं गं?"

सिस्टर म्हणाली, "आजी, झोपा आता."
ही कसली झोपतेय!

सुलू म्हणजे माझी नणंद. भांडुपला चाळीत आमच्या खालच्या खोलीत बायकांचे ब्लाउज शिवायची. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायची, "वहिनी, तुझं बघितलं ना, पुरे."

वस्तू दिसली की उघडून बघायची हिला भारी खाज. माझा नवा मिक्सर घरात आला त्याच दिवशी हिने खोलला. मी जाम भडकले होते.

पण आज मला ऐंशीच्या दशकातली एक गोष्ट सांगायचीय.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, सुलूचे दादा, विक्रोळीच्या एका कंपनीत साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा आपली जुनी गाडी मामंजींना देऊन गेला. चाळीत कोणाकडे धड सायकल नाही, आणि आमच्या दारात मोटार! शेजारी म्हणायचे, घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा.

मग काचबिंदूने मामंजींची नजर गेली. पूर्ण.

तरी रोज संध्याकाळी जिना उतरून गाडीत जाऊन बसायचे. एक हात स्टिअरिंगवर. दुसऱ्या हाताची बोटं समोरच्या लाकडी फळीवर, जिच्यात मीटर बसवलेले असतात ना, तिच्यावर फिरायची. उजवीकडे स्पीडचा मोठा मीटर, डावीकडे पेट्रोलचा आणि बॅटरीचा, असे दोन छोटे.

एका पावसाळ्यात ती फळी फुगली, तडकली. एक दिवस तिची ढलपी मामंजींच्या नखात घुसली.

रक्त थोडंसंच आलं. पण मामंजी म्हणाले, "माझीच गाडी माका चावली."

त्या दिवसापासून खाली उतरणं बंद. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवण जेमतेम चार घास. बोलणं नाहीच. मला खरंच भीती वाटायची की हा माणूस असाच बसल्या बसल्या संपणार.

"वहिनी, फळी बदलूया," सुलू म्हणाली.
"तू? मेकॅनिक कधी झालीस गं?"
"मेकॅनिक कशाला पाहिजे? भोकंच तर पाडायचीत. ब्लाउजचा गळा कापते तसं कापायचं."

जुनी फळी तिने स्क्रू काढून सोडवली. मागे हे वायरींचं जंगल! उंदराने चिंध्यांचं घर केलेलं. मी किंचाळले, आणि ही आत डोकं घालून बसलेली. स्पीडच्या मीटरमागची तार तिने बोटांनी गरागरा फिरवली आणि ओरडली, "वहिनी, काटा बघ, हलतोय! बसल्या जागी पाचचा स्पीड!"

मला पण राहवलं नाही. मी पण फिरवून बघितली. खोटं कशाला बोलू, झकास वाटलं.

गावाहून फणसाची फळी मागवली. सुलूने जुन्या फळीवरून पेपर कटिंग काढलं, नव्या फळीवर ठेवून खडूने खुणा केल्या. सुताराने भोकं पाडली, काचेच्या कड्या बसायला पुढून खाचा केल्या, पॉलिश मारलं. पिवळीधमक दिसत होती.

इकडे आम्ही मामंजींच्या मागे लागून लागून त्यांच्याकडून रविवारी खाली यायचं कबूल करून घेतलं. "एकदाच येतंय. परत माका सांगू नको," ते म्हणाले.

रविवारी सकाळी फळी बसवायला घेतली आणि सुलूने ती तशीच परत खाली ठेवली.

मोठं भोक डावीकडे!

त्याचं काय झालं, ब्लाउजच्या खुणा कापडाच्या उलट्या बाजूला करतात. सुलट्या बाजूला खडू लागू द्यायचा नाही. हिचा हातच तसा वळलेला. फळीच्याही मागच्या बाजूला खुणा करून मोकळी झाली. ब्लाउजला चालतं, डावं-उजवं सारखंच असतं. इथे फळी पालथी केली आणि उजवीकडचं सगळं डावीकडे. फिरवून बसवावी तर खाचा मागे जातात.

"वाट लागली," मी म्हटलं. "मामंजींना सांगू, पुढच्या रविवारी या."
"पुढच्या रविवारी दादा येणार नाहीत, वहिनी."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. सुलूच्या डोळ्यांत!

"धर इकडून, बसवूया," म्हणाली. तारा ताणूनतुणून कशाबशा पुरल्या.

मामंजी तिचा हात धरून उतरले. गाडीत बसले. हात सवयीने उजवीकडे मोठ्या मीटरवर गेला, तर तिथे छोटी काच.

हात थबकला. परत चाचपून बघितलं.

मी देव पाण्यात घालून उभी.

बोटं हळूहळू डावीकडे सरकली. मोठी काच सापडली.

"सुल्या, ह्यां तू मापलंस मां?"
"होय दादा."
"गाडयेक ब्लाउज शिवलंस गो!"

आणि हसले. खोकला येईपर्यंत हसले. आम्ही दोघी एकीकडे हसतोय, एकीकडे रडतोय.

मग म्हणाले, "थांब. पेट्रोलचो काटो खंय गेलो मगे?" आणि बोटं शोधत सुटली. हा पेट्रोलचा की बॅटरीचा? सुलूने सांगायला तोंड उघडलं तर ओरडले तिच्यावर.

"सांगू नको! माझां माका बघूंदे!"

बराच वेळ बसले होते. आम्हालाच जेवायला हाका माराव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"गो, माझी चप्पल खंय हा?"

कोणीही बोलावलं नव्हतं त्यांना.

सुले, खाटेवर बसून राहिलेला आमचा माणूस तू उठवलास गं.
तुझ्या वहिनीचा तुला शेवटचा रामराम.