उद्धवरावांचा पिंगळा

उद्धवरावांना नाद होता फोटोंचा, आणि तेही पक्ष्यांच्या. चिंचवडच्या कंपनीत, टूलरूममध्ये आठ तास लोखंडाशी झुंजून आलेला माणूस घरी पाय पसरतो. हे गळ्यात कॅमेरा अडकवून निघाले पवनेकाठी. बगळे, खंड्या, वेडे राघू, सगळे अल्बमात येऊन बसले. नडला तो एकटा पिंगळा. मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या उंबराच्या ढोलीत हे मूठभर घुबड राहायचं आणि दिवेलागणीशिवाय तोंड दाखवायचं नाही.

चौऱ्याहत्तर साली कंपनीच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी कामगारांकडून फोटो मागवले. उद्धवरावांनी पिंगळाच द्यायचा हट्ट धरला. अंधारात फ्लॅश मारला, फोटो धुऊन आला, तर डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या टिकल्या.

"तुमच्या सुपरवायझरचा चष्मा घातलाय का ह्यानं?" त्यांच्या पत्नी पद्माताईंनी विचारलं.

"अगं, फ्लॅश कॅमेऱ्यावरच असला की उजेड सरळ डोळ्यांत जातो नि तसाच परत येतो. तो बाजूने पडायला हवा."

त्यांनी फ्लॅशला लांब वायर जोडली. पण तो धरणार कोण? बल्ब एकदा उडाला की संपला, आणि आता एकच शिल्लक होता. दुकानातले संपलेले. फोटो द्यायची मुदत चार दिवसांवर. त्यांनी पद्माताईंनाच गळ घातली.

"दिवेलागणीला मी घर सोडायची नाही. लक्ष्मी यायची वेळ ती."

"तिचं वाहन तिकडे उंबरावर बसलंय. ती काय पायी येणार आहे?"

पद्माताईंना हसू आवरेना. देवापाशी दिवा लावून, शेजारच्या सुमनताईंना दारात बसवून त्या निघाल्या.

उद्धवरावांनी त्यांना बाजूला उभं केलं, फ्लॅशचं तोंड ढोलीकडे करून दिलं. "आता हलू नकोस."

पिंगळा बाहेर आला, मान वाकडी करून दोघांना न्याहाळू लागला. उद्धवरावांनी श्वास रोखला, बोट बटणावर टेकवलं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा लागला, आणि संध्याकाळी दिवा लागला की आजवर जे केलं तेच पद्माताईंनी केलं. फ्लॅशसकट हात जोडले. फ्लॅशचं तोंड फिरलं देवळाच्या भिंतीकडे, आणि बटण दाबलं गेलं.

"अगं, मला पिंगळ्याचा फोटो हवा होता. भिंतीचा नाही."

"मग दिव्याला नमस्कार करू नको?" त्या म्हणाल्या, पण आवाज पडला होता.

फोटो हातात आला तेव्हा उद्धवरावांनी तो दिव्याखाली धरला. चुन्याच्या भिंतीवरून परतलेला उजेड पिंगळ्यावर सायीसारखा पसरला होता. पीस न् पीस मोजून घ्यावं. डोळे टपोरे, जिवंत, जरा रागावलेलेच.

अंकाचं काम बघणाऱ्या सदाशिवरावांनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "हा मुखपृष्ठावरच. असा मऊ उजेड पाडायला शिकलात कुठं, राव?"

"घरचे संस्कार," उद्धवराव म्हणाले.