"सिस्टर, ते काम झालं का?"

माझं सगळ्यात मोठं पाप ज्याला ठाऊक होतं, तो माणूस परवा गेला.

तो चर्चचा पाळक नव्हता. ख्रिस्तीही नव्हता.
चंद्रपुरात सायबर कॅफे चालवायचा. रशीदभाई.

गोष्ट दोन हजार चारच्या आसपासची. मी नवी नवी नर्स. मुलचेरा तालुक्यात, जंगलातल्या एका गावी उपकेंद्रावर पोस्टिंग. तिथे ना चर्च, ना रविवारची उपासना. अख्ख्या गावात ख्रिस्ती म्हणजे मी एकटी.

निघताना आमच्या चंद्रपूरच्या चर्चच्या मंडळीतल्या सुशीलाबाई म्हणाल्या, "घाबरू नको. मी तुले ईमेलवर शिकवीन."
रिटायर्ड मास्तरीणबाई, वय सत्तर. मी तोंड फिरवून हसले होते.

पण त्यांनी खरंच सुरू केलं. दर सोमवारी मेल. इंग्रजी अक्षरांत मराठी.
आधी "प्रभूच्या नावात सलाम", मग एक वचन, मग गृहपाठ. "या आठवड्यात कोणावर चिडली? त्याच्या घरी जाऊन आली का?"

चिडायचे तर मी रोजच! शिष्यत्व म्हणजे काय ते मला या असल्या खोचक प्रश्नांतूनच कळलं.

मेल वाचायला एसटीने आलापल्लीला जावं लागायचं. तिथे एकच कॉम्प्युटर. लाइट असली तर नेट नाही, नेट असलं तर लाइट नाही. मी तासन्‌तास बसून राहायचे. चटकच लागली होती मला त्या मेलची.

एका बुधवारी अशीच गेले. कोणाला न सांगता, उपकेंद्राला कुलूप लावून.

त्याच दुपारी शेवंताला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. बैलगाडीतून आणलं तिला. दाराला कुलूप. तिथेच ओट्यावर ती बाळंत झाली.

बाळ राहिलं नाही.

मी असते तर वाचलं असतं का, देव जाणे. पण मी नव्हते.

रजिस्टरमध्ये लिहिलं, "लसीकरणासाठी टोल्यावर", म्हणजे पलीकडच्या वस्तीवर. सगळ्यांना तेच सांगितलं. उलट शेवंतानेच माझी समजूत काढली. "तुमचा काय दोष बाई? तुमी दुसऱ्याच्या लेकरायलेच सुई द्यायले गेल्या होत्या ना."

ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाईंना सगळं लिहून टाकलं. उत्तर दोनच ओळींचं आलं. वचन नाही, गृहपाठ नाही.
"तिच्या घरी जा, खरं सांग. तोवर मी रोज तुझ्यासाठी गुडघ्यावर आहे, प्रार्थनेत."

घरी गेले. खरं नाही सांगितलं.
पुढे दर महिन्याला जात राहिले. तिच्या नंतरच्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस उशाशी बसले. सगळं केलं, तेवढं एक सोडून.

त्याच वर्षी सुट्टीत चंद्रपूरला आले, तेव्हा बाई कौतुकाने म्हणाल्या, "चल, तुले माझा कॉम्प्युटर दाखवतो."

कॅफेत रशीदभाईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मेल उघडलं. आणि त्यांच्या कानाशी वाकून वाचायला लागले.

माझी सगळी मेलं या माणसाने वाचली होती. सगळी उत्तरं यानेच टाइप केली होती.

आणि रशीदभाई म्हणजे कोण? ज्याला सकाळी कळलं की दुपारपर्यंत गोल बाजारभर झालंच समजा!

मी कडाडले. "बाई, तुम्ही सांगितलं का नाही?"
"अवं, मले कुठी दिसते आता? मले वाटलं तुले माईत हाये!"

मी बाहेर पायरीवर येऊन रडत बसले. रशीदभाई मागून चहा घेऊन आले.

"सिस्टर, मी जबानीचा ढिला आहो, साऱ्या बाजाराले माईत हाये. पण बाईनं पयल्याच दिवशी सांगतलं, हे पत्र म्हंजे अमानत हाये. अमानतमधी खयानत, म्हंजे दगाबाजी, नाई करत आपण."

मी विश्वास ठेवला नाही. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी बाई गेल्या. सोमवारची मेलं थांबली. आता माझं काय चुकतंय ते विचारणारं कोणी नाही, असं वाटलं.

नंतर एकदा प्रिंट काढायला कॅफेत गेले. रशीदभाईंनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "सिस्टर, ते काम झालं का?"

"नाही, भाई."
"होईल. चाय घ्या."

बस, एवढंच. ना उपदेश, ना टोमणा.

पुढे कॅफेचं झेरॉक्सचं दुकान झालं, मग मोबाइल रिचार्जचं. माझ्या बदल्या झाल्या. पण दर नाताळला त्यांचा मेसेज यायचाच. "नाताळ मुबारक सिस्टर. ते काम?"

वीसेक वर्षं. आणि गोल बाजारात एका माणसाला कळलं नाही.

परवा गेले. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोजवळ, भाभीजवळ बसले. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिथून निघाले ती घरी गेलेच नाही. मुलचेऱ्याची एसटी पकडली. आता विचारणारं खरंच कोणी उरलं नव्हतं.

शेवंता सुपात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. बुधवार, आलापल्ली, रजिस्टर.

तिने सूप खाली ठेवलं.

"राग येऊन राह्यला, बाई. लय राग येऊन राह्यला मले."
"येऊ दे."

मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "इतके साल हे एकलीनंच घेऊन फिरल्या का?"

"नाही गं. एक भाऊ होता सोबत. कालच माती झाली त्याची."

ती उठली. आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

निघताना विचारलं, हे लिहू का? म्हणाली, "लिवा. माझं नाव नका लिवू." म्हणून शेवंता हे तिचं खरं नाव नाही.

रशीदभाई, ते काम झालं.

तुमच्याकडची माझी अमानत मी परत घेतली. आता मोकळे व्हा.

प्रभूच्या नावात सलाम, भाई.