सोनेरी चकती

माझ्या ताईने चौदा महिने एकाच गोष्टीशी डोकं फोडलं, आणि ती गोष्ट म्हणजे सिलिकॉन. बॅटरीच्या आत ग्रॅफाइटचा एक थर असतो. त्याऐवजी सिलिकॉन घातलं तर कितीतरी जास्त वीज साठते म्हणे. पण मेलं ते चार्ज होताना तिपटीने फुगतं, रिकामं होताना आक्रसतं आणि भेगा पडून वाया जातं. त्याला धरून ठेवेल असा चिकट लगदा शोधायचा, हे ताईचं काम. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, तीही कंत्राटावर.

लगदा घोटायचा, तांब्याच्या पत्र्यावर पातळ थर ओढायचा, वाळवायचा, चकत्या कापून बटणाएवढे सेल बांधायचे. मग यंत्र ते चार्ज-डिस्चार्ज करत बसणार. एखादा सेल अशा पाचशे फेऱ्या टिकला, तर प्रकल्पाला दोन वर्षं वाढ आणि ताईला कायमची नोकरी. एकही सेल दीडशेच्या पुढे जाईना. घरी आली की चपला भिरकावून म्हणायची, "आज माझ्याशी कोणी बोलू नका!" आणि मग तासभर स्वतःच बोलायची.

शेवटी एक सेल टिकला. तीनशे झाल्या, चारशे झाल्या. तुलनेसाठी शेजारी लावलेला ग्रॅफाइटचा सेल तेवढा दोनशे चाळीसलाच संपला. प्रकल्पाच्या सरांनी ताईला झापलं, "साधा सेलसुद्धा धड बांधता येत नाही?" तिने तो रागाने कचऱ्यात फेकला.

पाचशे पूर्ण झाल्यावर अहवालासाठी आतला फोटो हवा होता. ताईने तो टिकलेला सेल पूर्ण चार्ज करून काचेच्या बंद पेटीत उघडला. चकती सोनेरी निघाली.

पूर्ण चार्ज झालेलं ग्रॅफाइट सोनेरी दिसतं, सिलिकॉन नाही. यंत्राला जोडतानाच ताईच्या हातून दोन सेलची अदलाबदल झाली होती, आणि पडद्यावर सगळे नुसते उरलेल्या क्षमतेचे टक्के बघत बसले होते.

पेटीपाशी ती एकटीच होती. ती चकती घेऊन थेट सरांकडे गेली. सरांनी ती बघितली आणि विचारलं, "आणखी कोणी पाहिलं?"

"मी पाहिलं ना, सर."

प्रकल्प बंद झाला. मी तिच्यावर उखडले. "तोंड बंद ठेवता येत नव्हतं? कोणाला कळणार होतं?"

"अगं, त्याचं नाही मला काही," ताई म्हणाली, आणि इतके दिवस न रडलेली बाई ढसाढसा रडायला लागली. "दोनशे चाळीस फेऱ्या गं! सिलिकॉनचा सेल दोनशे चाळीस फेऱ्या टिकला होता. आमचा लगदा जमत आला होता. तो उघडून बघायला हवा होता, आणि मी तो फेकून दिला."