तारच नाही, तर ऐकणार कुठून?

आमच्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, माणसांवर विश्वास होता. फक्त त्यांच्या कानांवर नव्हता. नव्वदच्या दशकात राहुरीत घरोघरी फोन यायला लागले, तेव्हा लोकांनी ते पुढच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसतील असे मांडले आणि त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल टाकले. आण्णांनी आमच्या फोनला सागवानी पेटी करून घेतली आणि तिला पितळी कुलूप लावलं. किल्ली आण्णांच्या खिशात आणि आण्णा दिवसभर कचेरीत. फोन पेटीतल्या पेटीत वाजायचा, वाजून वाजून थकायचा, आणि आई नि मी पेटीपुढे उभ्या राहून कोणाचा असेल याचा अंदाज बांधायचो. "माझ्या बहिणीचाच असनार," आई म्हणायची. "एवढा दम तिलाच निघतो."

ही काळजी उगाच नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न एकदा ठरता ठरता मोडलं होतं. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. पाहुण्यांचे निरोप कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यायचे. साखर घ्यायला आलेल्या कोणीतरी तिथे कान दिला आणि मुलगी फार तापट आहे असं पाहुण्यांना जाऊन सांगितलं. आमच्याकडे याला मोडता घालणं म्हणतात. म्हणूनच सुपारी फुटेपर्यंत सोयरिकीचा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी रीत. ताई तापट होती हे खरंच होतं, पण ते पाहुण्यांना लग्नानंतर कळायला हवं होतं.

ताई स्वतः त्या मोडलेल्या लग्नासाठी रडली नाही. ती बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ओल्या कागदावर बी अंथरायचं, ते किती उगवतं ते बघायचं आणि कुठलं बियाणं पेरण्याजोगं आहे ते सांगायचं, हे तिचं काम. रोज सकाळी ती एसटीने जायची आणि संध्याकाळी आली की आज कुठल्या बाजरीने कसे मोड काढले ते जेवताना रंगवून सांगायची. एरवी जेवताना कोणी बोललेलं आण्णांना खपायचं नाही, पण बाजरीला सूट होती. गावाकडचे लोकसुद्धा धोतराच्या सोग्यात मूठभर बी बांधून आमच्या ओट्यावर येत आणि "ताई, हे उगवंल का?" म्हणून विचारत. तिला असं विचारलं की ती ज्या तोऱ्यात पाटावर बसायची, तो तोरा मला अजून आठवतो.

पेटीतल्या फोनचं आण्णांना काही दिवसांनी समाधान वाटेना. तार भिंतीवरून जाते, तिथून खांबावर जाते, मधे कुठेही कोणी कान लावू शकतो, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग ते मला घेऊन नगरला गेले. दुकानदाराने टेबलावर कॉर्डलेसचे संच मांडले. आण्णांनी एकेक उचलून वजन बघितलं, उलटा केला, हलवला.

"याच्यात सगळ्यात सुरक्षित कुठला?"

"सुरक्षित म्हणजे? पडला तर फुटू नये असा?"

"तसं नाही. बोललेलं बाहेर जाऊ नये असा."

दुकानदार हुशार माणूस. "साहेब, याला तारच नाही," तो म्हणाला. "तारच नाही, तर ऐकणार कुठून?"

आण्णांचा चेहरा उजळला. शिकल्यासवरल्या माणसाला पटावं असंच ते वाक्य होतं आणि मलाही ते पटलं. त्यातल्या त्यात लांब अँटेनाचा काळा संच त्यांनी निवडला, कारण जितकी अँटेना लांब तितका माल पक्का. परतीच्या एसटीत त्यांनी ते खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आता आमच्या गल्लीची एक पद्धत सांगायला हवी. एका घरी आलेली वस्तू चांगली निघाली की बाकीच्यांनीही तीच, अगदी तश्शीच आणायची. वेगळी आणली तर शेजाऱ्याच्या निवडीला नाव ठेवल्यासारखं व्हायचं. त्यामुळे गल्लीत सगळे मिक्सर एकाच कंपनीचे होते आणि सगळ्या खिडक्या एकाच पोपटी रंगाच्या होत्या. आण्णांनी समोरच्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या काकांना बिनतारी फोनचं मर्म समजावलं, काकांनी ते पलीकडच्या मास्तरांना समजावलं आणि दिवाळीच्या आत त्याच दुकानातले, त्याच जातीचे काळे संच गल्लीभर झाले. आण्णांना याचा केवढा अभिमान!

एका दुपारी आईने मावशीला फोन लावायला बटण दाबलं, तर आतून समोरच्या काकूंचा आवाज. काकू आपल्या सुनेबद्दल कोणाला तरी सांगत होत्या. आईने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि हळूच पायरीवर बसली. काकूंचं संपल्यावर तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, आपला फोन लई भारी हाय," ती कुजबुजली. "सगळ्यांचं ऐकू येतंय. आण्णांना बोलू नको हां, परत पेटीत घालतील."

आपल्याला त्यांचं ऐकू येतं तर त्यांनाही आपलं येत असेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. नंतर कळलं की गल्लीतल्या एकूण एक घरात असंच झालं होतं. प्रत्येकीला वाटत होतं की नशिबाने आपलाच संच विशेष निघाला, आणि प्रत्येकीने ते आपल्या नवऱ्यापासून लपवलं होतं. खाणाखुणा तशा पुष्कळ होत्या. आईने मावशीला गुडघे धरल्याचं सांगितलं की तासाभरात मास्तरीणबाई निरगुडीचा पाला घेऊन हजर, "सहज आनला" म्हणत. काकूंचं विरजण बिघडलं की आई दह्याची वाटी घेऊन सहज निघायची. गल्लीत एवढा जिव्हाळा त्याआधी कधी नव्हता.

अशात ताईला श्रीरामपूरचं स्थळ आलं. मुलगा सुप्याला एका कारखान्यात इंजिनियर, वडिलांचं श्रीरामपूरला कापडाचं दुकान. मुलगा एकदा येऊन बघून गेला, तेसुद्धा नातेवाईक म्हणून. ताईला तो आवडला. म्हणजे तिने त्याच्याबद्दल बाजरीपेक्षा जास्त वेळ बोलून दाखवलं. मग पुढची सगळी बोलणी आण्णांनी हातात घेतली. रोज संध्याकाळी ते फोन घेऊन एकटेच गच्चीवर जायचे आणि जिन्याच्या दाराला वरून कडी घालायचे. श्रीरामपूर लांब असल्यामुळे ते जरा मोठ्यानेच बोलायचे.

मग एका संध्याकाळी ताई एसटीतून उतरून घरी येत होती. समोरच्या काकूंनी तिला दारातच थांबवलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. "एवढी चांगली नोकरी, अन् सोडनार व्हय गं तू?"

"कोण म्हणालं सोडणार?"

काकूंचा हात हवेतच राहिला. "कोन न्हाई. आसंच आपलं." आणि दूध उतू जातंय म्हणून त्या आत पळाल्या.

ताई घरात आली ती तडक माझ्यापुढे उभी राहिली. आण्णांनी तिची नोकरी सोडायचं कबूल केलं आहे का, हे मला माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. मग काकूंना कसं कळलं? मी मान खाली घातली आणि फोनचं सगळं सांगून टाकलं. ताई चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आधी तपासून बघू."

नळाला पाणी आलं होतं. ताई फोन घेऊन गच्चीवर गेली, मैत्रिणीला लावला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "आणि हो, आमच्याकडे उद्यापासून नळ बंद म्हणे." मी कठड्याशी उभी होते. मैत्रिणीची विचारपूस संपते न संपते तोच काकूंकडे बादल्या वाजल्या. मग मास्तरांकडे पिंप सरकल्याचा आवाज आला. मग गल्लीच्या पार टोकापर्यंत कळश्या, घागरी, टोप, सगळं भरायला लागलं. एका घरी तर बाळाचा टबही बाहेर आला. खाली आमची आईसुद्धा हंडा घासून भरायला बसली. फोन वर आमच्याकडे असल्यामुळे तिला काही माहीत नव्हतं, पण सगळ्या भरतायत म्हणजे काहीतरी असणारच, एवढं तिला पुरेसं होतं.

मी पोट धरून हसत होते. ताई हसली नाही. तिने विचारलं, "म्हणजे आण्णा रोज जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं, फक्त मी सोडून?" तेव्हा माझंही हसू थांबलं.

आण्णांशी ती भांडेल म्हणून मी वाट बघत होते, पण ती भांडली नाही. रविवारी मुलगा श्रीरामपूरला घरी असतो हे तिला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी संध्याकाळी आण्णा बाजारात गेल्यावर तिने गच्चीवरून फोन लावला आणि त्याला फोनवर बोलावून घेतलं. मी तिला खेटून उभी राहिले तरी त्याचं बोलणं मला अर्धंमुर्धंच ऐकू आलं. उरलेलं पुढे गल्लीने पुरवलं. ताई मात्र खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत होती.

"लग्नानंतर मी नोकरी सोडायची, हे तुम्हाला माहीत आहे का?" ... "नाही? मग तुमचं काय म्हणणं?" ... "म्हणजे सोडायची नाही. बरोबर?" ... "नगरला खोली घ्यायची. मी सकाळी राहुरीच्या गाडीने, तुम्ही सुप्याच्या. बरोबर?" आणि मग तिचा आवाज जरा खाली आला. "ते कशाला? रविवारी मला काम नसतं." पण तेही तिने नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणून दाखवलं.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. रीतीप्रमाणे गल्लीतली चार माणसं बसवावी लागतात. आण्णांनी त्याच सकाळी दारोदार जाऊन "जरा चहाला या" एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही. माणसं आली ती कडक इस्त्रीत आणि बायका ठेवणीतल्या साड्यांत. मास्तरीणबाईंनी गजरासुद्धा माळला होता. नुसत्या चहाला गजरा कशाला, हे आण्णांना काही उलगडेना.

पाहुणे बसले. तबकात सुपारी आली. मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "तसं फोनवर आपलं सगळं बोलनं झालंच हाय. तरी चार लोकांत सांगितलेलं बरं. पोरगी नोकरी सोडनार. आमच्या घरात बायामान्सांनी नोकरी करायची पद्धत न्हाई."

आण्णांनी मान हलवली. ताईने मुलाकडे बघितलं. मुलगा सतरंजीची नक्षी बघत होता. मला इतका राग आला की चहाचा ट्रे त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

"फोनवर तुम्ही मला वेगळं म्हणाला होतात," ताई त्याला म्हणाली.

"फोनवर?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. "ते कुनी ऐकलं?"

खोलीतल्या एकूण एक बाईने ते ऐकलं होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं की ऐकणारी आपण एकटीच. बोलायचं म्हणजे नवऱ्यादेखत, पाहुण्यांदेखत, ज्यांचं ऐकलं त्यांच्याच घरात बसून चोरून ऐकल्याचं कबूल करायचं. काकूंनी पदर सावरला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "सोडायची न्हाई म्हनला त्यो."

रेल्वेतले काका आ वासून बायकोकडे बघायला लागले.

"मी पन ऐकलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नगरला खोली घेनार हायेत. ती राहुरीच्या गाडीनं येनार, त्यो सुप्याच्या गाडीनं जानार."

"आन् रविवारचा सैपाक त्यो करनार," पलीकडच्या आजी म्हणाल्या. "आमी समद्यांनी ऐकलंय. खोटं न्हाई बोलायची मी या वयात."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाकोणाचं काय काय ऐकलं गेलं असेल याचा हिशेब प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होता. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी खोली हसायला लागली. मुलाने अखेर मान वर केली. "म्हणालो होतो मी," तो वडिलांना म्हणाला. "आणि तसंच करायचंय मला."

हसले नाहीत ते आण्णा. कोपऱ्यातल्या चौरंगावर तो लांब अँटेनाचा फोन उभा होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. गच्चीची कडी लावून, सगळ्या गावापासून लपवून आपण रोज जे बोललो ते या माणसांनी शब्दन्‌शब्द ऐकलं, हे त्यांना त्या वेळी कळत होतं. मला त्यांची फार दया आली.

"मंग तुमी मला शब्द कशाला दिला?" मुलाच्या वडिलांनी त्यांना विचारलं.

"भ्यालो हुतो," आण्णा म्हणाले. कचेरीतली शुद्ध भाषा त्यांची कुठल्या कुठे गेली होती. "येकदा मोडलं हुतं. परत मोडू नये म्हून पोरीची नोकरी देऊन बसलो. ती माझी न्हवती द्यायला. तिला इचारलंसुदिक न्हाई मी. माझा शब्द मी माघारी घेतो. तुमाला चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

मुलाच्या वडिलांनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा गजरे माळून बसलेल्या गल्लीकडे बघितलं. मग त्यांनी तबक पुढे ओढलं. "बत्ता आना," ते आईला म्हणाले. "सुपारी काय हातानं फोडायची व्हय?"

पहिलं लग्न मोडलं तेव्हा ताई रडली नव्हती. त्या सकाळी मात्र ती आण्णांचा हात धरून सगळ्या गल्लीसमोर रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कामाला गेली.